रंगमंचावरील गाणे व पडद्यावरील गाणे

मनमाड हे खानदेशच्या वेशीवरचे रेल्वे जंक्शन होय. मुंबईहून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या गावांकडे जाणाऱ्या गाड्या येथूनच पुढे जातात. बऱ्याच वर्षांपूर्वी या गावी मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या नाटक मंडळीचा मुक्काम होता. त्या दिवशी 'संगीत सौभद्र' या नाटकाचा प्रयोग व्हावयाचा होता. प्रयोगाची वेळ जवळ आली आणि नारदाची भूमिका करणारा नट उभा राहू शकणार नाही असे कळले. मंडळी चिंतेत पडली. सौभद्र म्हटले की नारदाचे गाणे आलेच. नारदावाचून नाटक उभे राहावे कसे?

अशा वेळी दीनानाथांची लहानगी मुलगी पुढे झाली. घरात अहोरात्र चालणारे गाणे ऐकून तिला नारदाची पदे पाठ झाली होती. नारदाचे काम आपण करू, असे तिने धिटाईने सांगितले. अर्जुनाच्या भूमिकेत वडील आणि नारदाच्या भूमिकेत त्यांची चिमुरडी मुलगी, असा तो विलक्षण प्रयोग झाला. मुलीने पद गायिले मात्र, प्रेक्षकांनी 'वन्स मोअर'चा गजर केला आणि तिला ते पद पुन्हा गावे लागले. ही मुलगी म्हणजे लता मंगेशकर. त्यांनीच पुढे मोठेपणी ही आठवण सांगितली आहे. खानदेशशी त्यांचे नाते जवळचे होते. कारण धुळे जिल्ह्यातील तापीकाठचे थाळनेर हे त्यांचे आजोळ.

याच मुलीचा आवाज पुढे चित्रपटांतून कोट्यवधी लोकांच्या घरांत पोचला. परंतु मनमाडच्या त्या प्रयोगात जे घडले, ते चित्रपटगृहात एकदाही घडणे शक्य नव्हते. पडद्यावरील गाणे ऐकून प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजविल्या, तरी गाणारीला त्या ऐकू येत नाहीत. असे का व्हावे? एकच कथा, एकच गाणे. मग रंगमंचावर ते एका प्रकारचे आणि पडद्यावर दुसऱ्या प्रकारचे का भासावे? याचे उत्तर शोधावयाचे तर आपल्याला संगीत नाटकाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागेल.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. मराठी संगीत नाटकाच्या वैभवाचा काळ तेथून सुरू झाला. त्यापूर्वीच्या नाटकांत बहुधा सूत्रधारच पदे म्हणत असे आणि पात्रे आपले भाषण करीत. किर्लोस्करांनी पात्रांच्याच मुखी गाणे घातले. शकुंतलेला दुःख झाले की शकुंतलाच गाऊ लागली. दोन वर्षांनी 'सौभद्र' आले आणि सारा महाराष्ट्र या नाटकांच्या गाण्यांनी दुमदुमून गेला.

नाटक मंडळ्या त्या काळी गावोगाव फिरत. पडदे, पोशाख, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी असा सारा संसार रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. मंडळी गावात आली की लहानथोरांना दुसरा विषय सुचत नसे. आजच्यासारखे ध्वनिवर्धक त्या काळी नव्हते. त्यामुळे नटाचा आवाज स्वतःच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागे. ज्याचा गळा तयार नाही, त्याला संगीत नाटकात मुख्य भूमिका मिळणे कठीण होते.

असा एक गळा प्रथम तयार झाला तो जळगावात. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा शिक्षणासाठी जळगावला नातेवाइकांकडे राहिला होता. तेथे महबूबखाँ यांच्याकडे त्याने संगीताचे पहिले धडे घेतले. या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, असे परंपरेने सांगतात. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. शकुंतला, सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी अशा एकाहून एक सरस भूमिका बालगंधर्वांनी गाजविल्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला असे. एवढे थोर वादक नाटकाला साथ करीत, यावरूनच त्या गाण्याची योग्यता ध्यानात येईल.

या गाण्याचे मर्म कोणते? ते प्रत्येक रात्री नव्याने घडत असे. पदाचे शब्द तेच, चालही तीच. परंतु आज श्रोता कसा आहे, पाऊस पडतो आहे की उकाडा आहे, गळा आज कसा लागला आहे, यांवर त्या दिवसाचे गाणे ठरे. एखाद्या जागेवर समोरच्या रांगेतून दाद आली की गायकाला हुरूप येई आणि तो नवी जागा दाखवी. श्रोत्याने 'वन्स मोअर' म्हटले की तेच पद दुसऱ्यांदा निराळ्या रंगाने फुले. सारांश, ते गाणे एकट्या गायकाचे नसे; समोर बसलेल्या श्रोत्याचाही त्यात वाटा असे.

या नात्याची कसोटी पाहणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या होत्या. भामिनीची भूमिका बालगंधर्वांकडे होती. नेमक्या त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी मृत्यू पावली. प्रयोग पुढे ढकलावा असे सर्वांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु लोक नाटक पाहण्यास आले आहेत, त्यांना परत पाठविणे बरे नव्हे, असे मानून बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले. आपले दुःख त्यांनी पडद्याआड ठेवले आणि भामिनीचे हासू मुखावर आणले. त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न ज्याचा त्याने विचारावा. मात्र समोर बसलेल्या श्रोत्याला ते केवढे मानीत होते, हे त्यावरून कळून येते.

पुढे काळ पालटला. १९३१ साली 'आलम आरा' हा आपल्या देशातील पहिला बोलपट आला आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३२ साली, प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट झळकला. त्यातील राजा हरिश्चंद्र कोण होते? 'मानापमाना'ला चाली देणारे तेच गोविंदराव टेंबे! रंगभूमीनेच जणू आपला माणूस बोलपटाला दिला. आरंभीच्या बोलपटांत नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे. वादक आपली वाद्ये घेऊन कॅमेऱ्याच्या दृष्टीबाहेर, परंतु गायकाच्या जवळ बसत. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाची पद्धत आली. आधी गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे, मग ते वाजवीत ठेवून नटाने त्याबरहुकूम ओठ हलवावयाचे. चेहरा एकाचा व गळा दुसऱ्याचा, ही गोष्ट तेव्हापासून शक्य झाली.

बोलपटाच्या लाटेत पुष्कळ नाटक मंडळ्या बुडाल्या. नाटकाचा प्रयोग एका रात्री एकाच गावी होतो. चित्रपट मात्र एकाच रात्री शंभर गावी दाखविता येतो, आणि तोही थोड्या पैशांत. ही स्पर्धा बरोबरीची नव्हती. मास्टर दीनानाथांनीही नाटक सोडून चित्रपट काढला; त्यांच्या संस्थेचा 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट १९३४ साली आला. परंतु या उद्योगात त्यांना यश लाभले नाही व घरची परिस्थिती खालावली. १९४२ साली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा थोरली मुलगी लता अवघी बारा वर्षांची होती. घरचा भार तिच्यावर पडला आणि ती चित्रपटाकडे वळली.

बालगंधर्वांनाही चित्रपटाचा मार्ग धरावा लागला. प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या १९३५ च्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. पुढे १९३७ साली 'साध्वी मीराबाई' आला. 'अमृतसिद्धि' या नाटकातील त्यांची मीराबाई त्यात जवळजवळ जशीच्या तशी चित्रित करण्यात आली होती. तोच गायक, तीच भूमिका. तरीही रंगमंचावरील जादू पडद्यावर उतरली नाही. चित्रपटाच्या कारखान्यात समोर रसिक नव्हते. होता तो कॅमेऱ्याचा निर्विकार डोळा. तेथे गाणे तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. दाद देणारे कोणी नाही, 'वन्स मोअर' म्हणणारे कोणी नाही. जे गाणे श्रोत्याच्या ओलाव्यावर वाढले होते, ते तेथे कोमेजले. लवकरच बालगंधर्व चित्रपट सोडून पुन्हा रंगभूमीवर परतले.

यावरून चित्रपट ही हलकी कला आहे, असे कोणी समजू नये. त्याच सुमारास, १९३६ साली, प्रभातचाच 'संत तुकाराम' प्रदर्शित झाला. त्यातील तुकाराम म्हणजे विष्णुपंत पागनीस. तेही रंगभूमीवरूनच आलेले. परंतु येथे दिग्दर्शकांनी नाटक उचलून पडद्यावर ठेवले नाही. देहूचे शेत, घरातील चूल, मुलाबाळांचे चेहरे असे सारे जवळून दाखवीत त्यांनी चित्रपटाच्या भाषेत कथा सांगितली. तुकारामांचे गाणे पेटीच्या साथीने सजविलेल्या मैफलीसारखे न वाटता बोलताबोलता सहज ओठांवर आल्यासारखे वाटते. हा चित्रपट १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला व तेथे वाखाणला गेला. ज्यांना मराठी येत नव्हते अशा दूरदेशीच्या लोकांनीही तुकाराम पाहिला. नाटक मंडळीला हे कधीच साधले नसते.

चित्रपटाचे बळ कशात आहे, ते येथे दिसते. नाटकात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाच्या डोळ्यांतील पाणी दिसत नाही. चित्रपटात श्रीमंत व गरीब, पुढचा व मागचा असा भेद राहत नाही. डोळ्यांतील पाणी सर्वांना सारखेच दिसते. नाटकातील राजवाडा कापडी पडद्यावर रंगविलेला असतो. चित्रपटातील राजवाड्यात आपणच जणू फिरून येतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की चित्रपट टिकतो. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. उरते ती पाहणाऱ्याच्या मनातील आठवण.

या दोन्ही कलांची तुलना करण्यास 'कट्यार काळजात घुसली' याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी बालगंधर्वांचे निधन झाले होते. दोन घराण्यांच्या गायकीतील चुरस, मत्सर आणि अखेर विद्येपुढे नम्र होणारे मन, असा या नाटकाचा विषय आहे. पदांना चाली जितेंद्र अभिषेकी यांनी दिल्या. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका पंडित वसंतराव देशपांडे करीत. ते स्वतः थोर गायक असल्यामुळे भूमिका व गाणे यांत फट राहत नसे. आजचा प्रयोग कालच्यासारखा असेलच असे नव्हते. म्हणून काही रसिक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहत.

२०१० साली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले व खाँसाहेबांची भूमिका स्वतः केली. २०१५ साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली याच नाटकावर चित्रपट निघाला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर. त्यांच्यासाठी गायिले मात्र राहुल देशपांडे. एकाच गायकाने एकच भूमिका रंगमंचावर सदेह केली आणि पडद्यावर केवळ आवाजाने केली! सदाशिवाची भूमिका स्वतः दिग्दर्शकांनी केली व त्यासाठी महेश काळे गायिले; त्यांना या गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या पदांना शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गीतांची जोड मिळाली. काही जुन्या रसिकांना हे बदल रुचले नाहीत. परंतु ज्या गावी संगीत नाटक कधी पोचले नव्हते, तेथील मुलेही ही पदे गुणगुणू लागली. त्यांतील कोणाला मूळ नाटक पाहावेसे वाटले असेल, कोणी गाणे शिकावयास बसला असेल. १९११ च्या 'मानापमाना'वरही २०२५ साली चित्रपट आला तो याच वाटेने.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत १९५६ साली रंगमंचावर ज्यूली अँड्र्यूज ही अभिनेत्री स्वतः गात असे. १९६४ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा नायिकेची भूमिका ऑड्री हेपबर्न हिने केली. परंतु तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात आहेत. उलट, 'ले मिझेराब्ल' या संगीतिकेवरील २०१२ च्या चित्रपटात नटांनी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे, अशी योजना केली होती. ऐंशी वर्षांपूर्वी 'अयोध्येचा राजा'त निरुपायाने जे करावे लागले, ते येथे मुद्दाम केले गेले. गाणे घडत असताना जो जिवंतपणा असतो, त्याची ओढ चित्रपटालाही आहे, हेच यावरून दिसते.

आता एक गोष्ट विचारात घ्यावी. बालगंधर्वांची भामिनी आज आपल्याला पाहावयास मिळत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत. परंतु त्यांच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. रंगमंचावर रात्र रात्र फुलणाऱ्या गाण्याचा तो एक घोट होय. ते नाटक त्या काळी नीट चित्रित झाले असते तर केवढा ठेवा आपल्या हाती लागला असता! उलट, केवळ चित्रपट राहिले आणि नाटके बंद पडली, तर समोरासमोर गाऊन जिंकण्याची विद्याच लोपेल. मग चित्रपटाला तरी तसे गळे कोठून मिळणार? टेंबे, पागनीस, मास्टर कृष्णराव, लता मंगेशकर हे सारे रंगभूमीच्या अंगणातूनच पडद्याकडे गेले होते.

म्हणून चित्रपट अवश्य पाहावा. परंतु गावात नाटक आले असता घरी बसू नये. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरतो. ज्या गावाने त्या मुलाला पहिला स्वर दिला, त्या गावाने ही आठवण जपावी हे उचितच आहे. तथापि नावाची पाटी लावल्याने रंगभूमी जगत नाही. खुर्च्या रिकाम्या असल्या तर पडद्यावरचा चित्रपट ठरल्याप्रमाणे पुढे चालत राहतो. रंगमंचावरील नटाचे मात्र पाऊल अडखळते. तो समोर पाहतो, कोणी ऐकत आहे की नाही हे शोधतो.

मनमाडच्या त्या रात्री रंगमंचावर एक लहान मुलगी उभी होती. समोर कोण बसले होते? त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. ती साधी माणसे असतील. परंतु त्यांनी कान देऊन ऐकले, मोकळ्या मनाने दाद दिली आणि त्या मुलीला पुन्हा गावयास लावले. पुढे जगाने जे गाणे ऐकले, त्याला पहिला 'वन्स मोअर' देणाऱ्यांत त्या अनामिक श्रोत्यांचा वाटा आहे.

शब्दार्थ

वेस – सीमा, गावाचे प्रवेशद्वार. आजोळ – आईच्या वडिलांचे घर. हुरूप – उत्साह. बरहुकूम – प्रमाणे. निर्विकार – ज्यात भावना दिसत नाही असा. सदेह – प्रत्यक्ष शरीराने. अनामिक – ज्यांची नावे ठाऊक नाहीत असे.

स्वाध्याय

१. 'संगीत शाकुंतल' या नाटकाने जुन्या पद्धतीत कोणता बदल केला?
२. बालगंधर्वांची मीराबाई पडद्यावर का रंगली नाही? 'संत तुकाराम' हा चित्रपट का यशस्वी झाला? दोन्ही उत्तरांची तुलना करा.
३. १२ मार्च १९११ रोजी बालगंधर्वांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? सकारण लिहा.
४. 'ते गाणे एकट्या गायकाचे नसे' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कसोटी पाहणे, कान देणे, लाट येणे, ठेवा.
६. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या एखाद्या नाटकाची आठवण त्यांना विचारून दहा ओळींत लिहा.